खुंटीवरची फडकी

संध्याकाळी माझी ताई घरी येते तेव्हा आधी तिच्या चपला आत येतात, मग पिशवी आणि बऱ्याच वेळाने ती. चपला ती दारातूनच पायाने आत ढकलते, पिशवी हात लांब करून खुर्चीवर टाकते आणि स्वतः बाहेर पायरीवर बसून राहते. मी शिवणयंत्रावरून ओरडते, "आत ये गं, लोक म्हणतील धाकटीने घराबाहेर काढलंय." ती म्हणते, "म्हणू देत. उठायला अंगात त्राण नाही." हे आमचं रोजचं आहे. मी चहा टाकते, तोपर्यंत ती चौकटीला धरून उभी राहिलेली असते.

ताई बालवाडीत बाई आहे. बालवाडी दिवसभराची. आया कामावर जाताना पोरं सोडतात आणि परतताना नेतात. बसडेपोच्या मागे एका संस्थेची जुनी इमारत आहे, तिच्या खालच्या दोन खोल्या, एक मोरी आणि गुडघ्याएवढ्या उंचीचे नळ, एवढा तिचा कारभार. आजूबाजूला गोदामं आणि बांधकामं असल्यामुळे कुठून कुठून माणसं कामाला येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पोरं. त्या खोल्यांत किती भाषांमधलं रडणं ऐकू येतं ते ताईलाच ठाऊक. मी घरी बसून लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. म्हणजे तिने दिवसभर लोकांची पोरं सांभाळायची आणि मी लोकांचे कपडे. दोघींचंही त्यात स्वतःचं काही नाही. याचं पूर्वी मला वाईट वाटायचं, आता कंटाळा येतो.

ताईची एक खोड सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जेवणानंतर बालवाडीत पोरांना झोपवतात. पूर्वी तिच्याकडेही चारचौघांसारखंच चालायचं. एका ओळीत चटया, सगळ्यांना सारख्या चादरी, दिवे बंद, टेपवर एकच गाणं आणि तोंडावर बोट. निम्मी पोरं रडायची. त्यातला एक तर रोज उठून मोरीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. ओरडून झालं, समजावून झालं, शेवटी ताईने हात टेकले आणि त्याच्या घरी गेली. तिथे त्याचा बाप खोलीतच खोक्यांना खिळे ठोकायचं काम करायचा. ते पोर जन्मापासून ठोकाठोकीत झोपलेलं, त्याला शांततेची भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी ताईने त्याची चटई भांडी घासायच्या जागेजवळ टाकली. तो असा झोपला की संध्याकाळी आईने उठवला.

तेव्हापासून ही खोड लागली. नवं मूल आलं की ताई पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी जाते. जन्माचा दाखला, लसीचं कार्ड वगैरे संस्थेच्या मॅडम बघतात. ताई एकच विचारते, "तुमच्याकडे याला झोपवतात कसं?" आया आधी लाजतात. त्यांना वाटतं, बाई परीक्षा घेतायत. "वेळेवर झोपतो, शहाण्यासारखा," असं काहीतरी सांगतात. ताई हलत नाही. मग हळूहळू खरं बाहेर येतं. एका घरात तोंडावर पांघरूण घेतल्याशिवाय झोप येत नाही, आणि इकडे बालवाडीतली मावशी पोर गुदमरेल म्हणून ते ओढून काढत होती. एका घरात दाराकडे पाय करून झोपलेलं चालत नाही. एका घरात आजोबा पाठ खाजवतात, तीही वरून खाली, खालून वर नाही. एकीला आईच्या कानाची पाळी धरून झोपायची सवय. ताई ते सगळं करते. तिचा डावा कान उजव्यापेक्षा लांब झालाय असं मी तिला सांगत असते.

आणि अंगाईगीतं! स्वयंपाक करताना ती अगम्य भाषांत काहीतरी घोळवत बसते. मी म्हणते, "अर्थ तरी विचारलास का? कुणीतरी तुला शिव्या शिकवल्या असतील." ती म्हणते, "शिव्या असल्या तरी चालतील, पोर झोपतंय ना." दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना झोपवणारी ही बाई रात्री जेवताना हातातला घास हातातच ठेवून पेंगते. मला कधी कधी त्या सगळ्यांचा राग येतो, आयांचा, संस्थेचा आणि त्या पाठ खाजवणाऱ्या आजोबांचासुद्धा.

या खोडीतूनच खुंटीवरची फडकी आली. प्रत्येक मुलाने घरून एक वापरलेलं कापड आणायचं. कुणी आईचा जुना गाऊन फाडून आणला, कुणी उशीचा अभ्रा, कुणी बापाचा बनियन. भिंतीवर ओळीने खुंट्या, खुंटीवर चित्र, चित्राखाली फडकं. झोपताना ते जवळ घ्यायचं. नियम एकच होता, फडकी बालवाडीत धुवायची नाहीत. कारण त्यात महत्त्वाचं कापड नसतंच, घराचा वास असतो. ताईच्या त्या खोलीत तळणाचा वास, विडीचा वास, औषधी तेलाचा वास, ओल्या भिंतीचा वास असे सगळे शेजारी शेजारी लटकत असायचे. मी एकदा गेले होते तर नाक धरून बाहेर आले. ताईला राग आला. "तुझ्या घराला वास नाही असं वाटतं तुला?" असं म्हणाली.

यंदा मुंगी आली. हे नाव मावशीने ठेवलं, कारण ती पोर खोलीच्या मधून कधी चालत नसे, भिंतीला धरून धरून जायची. चार वर्षांची असेल. आई वर्षाच्या सुरुवातीला इस्पितळात गेली ती गेलीच. बाप काँक्रीटचा मिक्सर चालवतो. माणूस रानदांडगा दिसणारा, आपली भाषा त्याला मोजकीच येते आणि जी येते ती साइटवरची, त्यामुळे तो साधं बोलला तरी दटावल्यासारखं वाटतं. पोरीला सांभाळायला त्याचं इथे कुणी नाही. बहीण आहे, पण फार लांब, जिथून सहज येता-जाता येत नाही. पहिल्या काही दिवसांत मुंगी दुपारी थरथर कापत रडायची, आणि संस्थेचा नियम असा की मूल आवरेना तर घरच्यांना बोलवायचं. तो मिक्सर तसाच फिरता ठेवून यायचा. मुकादमाने त्याला तंबी दिली. मग त्याने ताईला सांगितलं, "परत बोलवलं तर माझं काम जाईल. मग हिला बहिणीकडे सोडतो. दुसरा रस्ता नाही." म्हणजे मुंगी दुपारी झोपते की नाही यावर ती बापाजवळ राहणार की नाही हे ठरायचं होतं.

ताई त्याच्या खोलीवर गेली, तिचा तो प्रश्न विचारला. त्याने खुंटीवरून बायकोचा डोक्याला बांधायचा रुमाल काढला, आपल्याच तोंडावर धरून दाखवला आणि म्हणाला, "असं झोपते. हा धुवू नका." तो रुमाल बालवाडीत आला आणि मुंगी झोपायला लागली. ताईने त्या दिवशी घरी येऊन पायरीवर बसण्याआधी मला ही बातमी सांगितली होती, यावरून काय ते समजा.

आणि मग ती समिती आली.

संस्थेच्या मॅडम वाईट नाहीत. ताईचं हे झोपवण्याचं प्रकरण त्यांनीच वर कळवलं. प्रत्येक घरच्या रीतीला बालवाडीत जागा, सगळ्या भाषांचं स्वागत, असं त्यांनी लिहून पाठवलं आणि वरच्या लोकांना ते आवडलं. ते बघायला येणार म्हटल्यावर मॅडम जरा घाबरल्या. "ताई, भिंतीवर सगळ्या भाषांत 'या' लिहून लावू. आणि जरा नीटनेटकं दिसू दे." मग काय, दिवसा पोरं आणि संध्याकाळी कागद कापणं. ताईला अंगात कणकण होती. मी म्हटलं रजा घे. ती म्हणाली, समिती गेल्यावर घेते. डोळे तांबारलेले, बोटांना डिंक, आणि घरी यायची ती पायरीवर बसायलासुद्धा थांबायची नाही, सरळ आत येऊन आडवी व्हायची. हे मला जास्त भीतीदायक वाटलं.

आदल्या दिवशी दुपारी ताई शिडीवर उभी राहून अक्षरं चिकटवत होती. मावशी चादरींची बादली काखोटीला मारून आली आणि म्हणाली, "बाई, चादरी भिजवते. ही खुंटीवरचीपण टाकू का? उद्या माणसं यायचीत."

ताईने मागे वळून बघितलं नाही. म्हणाली, "टाक सगळं."

एवढंच झालं. मावशीला दोष नाही, तिने विचारलं होतं. आणि ताईला विचारलं तर ती म्हणते, मला आठवतच नाही मी काय बोलले. आठवत नसणार. माणूस इतकं दमलं की तोंड आपोआप उत्तरं देतं.

समिती आली. भिंती बघितल्या, सगळ्या भाषांतले 'या' वाचून दाखवायला लावले, फडक्यांची ओळ बघून एक बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय!" तेव्हा ताईला पहिल्यांदा साबणाचा वास आला. खुंट्यांवर सगळी फडकी धुतलेली, कडक, एकाच वासाची. मग पाहुण्यांना झोपेचा तास बघायचा होता. पोरांनी आपापली फडकी घेतली, तोंडाजवळ नेली. बनियनवाला उठून बसला आणि म्हणाला, "हे माझं नाही." दुसरी म्हणाली, "माझं पण नाही." मग जो गलका झाला तो डेपोपर्यंत ऐकू गेला असेल.

बाकीच्यांचं निभावलं. फडकं घरी न्यायचं, आईच्या उशाला ठेवायचं, एका रात्रीत घर त्यात परत शिरतं. पण मुंगीच्या रुमालात कोण शिरणार?

ती रडली नाही. तिने रुमाल तोंडावर धरला, उलटा करून धरला, मग त्याची घडी घातली, परत खुंटीला अडकवला आणि भिंतीला धरून धरून दारापाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग दुपारी ताप चढला आणि बापाला बोलवावं लागलं. तो आला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि एवढंच म्हणाला, "रविवारी सोडून येतो."

त्या संध्याकाळी ताई पायरीवर बसली ती उठेचना. म्हणाली, "त्याला जाऊन सांगायला हवं. त्याला वाटतंय पोरच हट्टी आहे." मी म्हटलं, "उद्या जा." ती म्हणाली, "उद्या मी जाणार नाही, मला माहीत आहे. आत्ताच चल." मी मशीनवर कापड टाकलं आणि तिच्याबरोबर निघाले. वाटेत मी समितीपासून साबणाच्या कंपनीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

त्याची खोली एका लांबलचक चाळवजा इमारतीच्या टोकाला होती. एक स्टोव्ह, एक पलंग, दोरीवर बापलेकीचे कपडे. मुंगी भिंतीला टेकून जेवत होती. ताई जमिनीवर बसली आणि सरळ म्हणाली, "तिची काही चूक नाही. तो रुमाल आमच्याकडे धुतला गेला. मीच धुवायला सांगितलं."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याचा चेहरा असा झाला की मी ताईचा दंड धरला.

"मी बोललो होतो," तो म्हणाला. "धुवू नका बोललो होतो."

"हो. बोलला होतात."

"मग?"

"मी दमले होते," ताई म्हणाली. "लक्ष नव्हतं. हे काही कारण नाही, पण खरं हेच आहे. आता ते परत येणार नाही, हेही मला कळतं." मग विचारलं, "तिच्या आईचं न धुतलेलं दुसरं काही आहे का घरात?"

"नाही," तो म्हणाला.

माझी नजर कापडावर जाते, त्याला मी काय करू! पलंगावरच्या उशीखालून लोकरीच्या शालीची झालर दिसत होती. बायकी शाल, विटकरी रंगाची. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्याने बघितलं. तो उठला, उशी सारखी केली, झालर आत ढकलली. एवढा धिप्पाड माणूस, पण कुणी पोराच्या हातातलं खेळणं मागावं तसा चेहरा झाला होता.

"ती माझी आहे," तो म्हणाला.

ताईने मान हलवली. "तुमचीच आहे. मी मागत नाहीये." आणि ती जमिनीला हात टेकून उठली.

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "मागायची होतीस! पोरीचा प्रश्न आहे. तो बाप आहे ना, द्यायला नको? आणि तू सांगून मोकळी झालीस, आता रविवारी पोर जाणार ते गेलीच!"

ताई दिव्याच्या खांबाला टेकली. "त्यालाही झोपायचं असतं गं," ती म्हणाली. "आजवर कुणी त्याला विचारलं नसेल, तुम्हाला झोपवतात कसं." आणि मग तिला रडू आलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, वरून खाली. रस्त्यातली माणसं बघत होती, बघू देत.

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारखी आली. चपला आल्या, पिशवी आली, पण पिशवी खुर्चीवर न टाकता तिने जपून माझ्या मांडीवर ठेवली. आत ती शाल होती. शाल म्हणजे शालीचा तुकडा. एका बाजूला झालर, दुसऱ्या बाजूला कापलेली कड, धागे लोंबत होते. सकाळी मुंगी ती अंगाला गुंडाळून आली होती.

"झोपली?" मी विचारलं.

"झोपली. तिच्याजवळ मी भिंतीला टेकले तर मलाच डुलकी लागली. मावशीने उठवलं." मग म्हणाली, "उसवत चाललीय बघ. सकाळपर्यंत शिवून दे. आज ती बापाच्या तुकड्याजवळ झोपेल. आणि मशीनवर नको घेऊ, मशीनच्या तेलाचा वास लागेल."

"मला शिकव आता शिवण," मी म्हटलं. पण हात धुतले ते नुसत्या पाण्याने, साबण लावला नाही, आणि हातशिलाईच केली.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर तो उभा, इस्त्री केलेला शर्ट घातलेला, शेजारी मुंगी. मला वाटलं, निरोप घ्यायला आलाय. ताई आतून आली, तिचा चेहरा उतरलेला. त्याने शर्टाच्या आतून, पोटाशी धरलेला शालीचा दुसरा तुकडा काढला.

"माझापण उसवतो," तो म्हणाला. आणि मग घाईने, "धुवू नका."

"नाही हो धुवत," मी म्हटलं. "बसा."

तो बसला. बरोबर सामान काही नव्हतं, म्हणजे पोर कुठे जात नव्हती. ताईही बसली, आणि दोघं समोर बघत राहिले, दोन पाळ्या करून आलेल्या कामगारांसारखे. मुंगी भिंतीला धरून माझ्या टेबलापर्यंत आली. तिचा तुकडा तिच्या गळ्यातच होता. मी बापाचा तुकडा टेबलावर पसरल्याबरोबर तिने आपला काढला आणि त्याच्या शेजारी नीट लावून ठेवला, कापलेली कड कापलेल्या कडेला.

मग मला दिसलं. त्याने कात्री बरोबर मधोमध लावली होती. वरची वीतभर रेघ सरळ होती. तिथून पुढे ती कात्री तिरपी होत गेली होती, सगळी त्याच्या बाजूला. खाली पोचेपर्यंत त्याच्या वाट्याला जेमतेम हातरुमालाएवढी रुंदी उरली होती.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. लोकरीच्या कापडाला कड शिवायची तर दुमड घ्यावी लागते, मुंगीच्या तुकड्याला मी ती घेतली होती. दुमडीत बोटभर कापड जातं. त्याच्या तुकड्याला मी दुमड घेतली नाही. कडेकडेने काजाचा टाका घालत गेले, अगदी जवळ जवळ, म्हणजे धागा सुटणार नाही आणि कापडही जाणार नाही. त्याला वेळ लागतो. मध्येच वर बघितलं तर ताई खुर्चीत मान टाकून झोपली होती, आणि मुंगी तिच्याजवळ उभी राहून, जागं न करता, तिच्या अंगावर आपला तुकडा घालत होती.